प्रोटॉनबहुल अणुकेंद्रांवर प्रयोग करायला परदेशी निघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोटॉनबहुल अणुकेंद्रांच्या (न्यूट्रॉनच्या मानाने ज्यांत प्रोटॉन फार जास्त) प्रयोगांवर पीएच.डी. करायला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक गट मोठ्या ॲक्सिलरेटरच्या आवारातच आहे, दुसरा विद्यापीठातला, छोटा. सोबत जोडीदार आणि शाळेच्या वयाची मुलगी येणार. निवडताना काय बघावं, आणि तिथल्या एकटेपणाचं काय? व्हिसाचे नियम, विमा, विद्यावेतन यावर मी लिहीत नाही. दूतावासाच्या आणि विद्यापीठाच्या पानांवर ते नीट मिळतं. तुमच्या प्रश्नाने माझ्या मनात बरंच काही वर आलं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी बीम, म्हणजे ॲक्सिलरेटरमधून येणारा कणांचा झोत. या विषयात प्रयोग मंजूर झाला म्हणजे फक्त रांगेत नंबर लागला. प्रयोगशाळेची समिती आठ-आठ तासांच्या शिफ्टमध्ये वेळ देते. २१ शिफ्ट म्हणजे सात दिवस. ते सात दिवस कधी, हे मशीनची दुरुस्ती, विजेचा खर्च, आयन-सोर्समधून हवा तो आयसोटोप पुरेसा निघतोय का, यावर ठरतं. मंजूर शिफ्टनाही मुदत असते. ती उलटली की प्रस्ताव पुन्हा समितीसमोर. आणि मशीन बंदही पडतात, तेही वर्षानुवर्षं. अमेरिकेतल्या ओक रिजच्या होलिफील्ड यंत्रणेवर प्रोटॉन-उत्सर्जक केंद्रांचं मोलाचं काम झालं, ती २०१२ मध्ये बंद केली. सर्नमधल्या आयसोल्डे या यंत्रणेला २०१८च्या अखेरपासून २०२१ पर्यंत प्रोटॉन बीम नव्हता. मिशिगनमधले जुने सायक्लोट्रॉन २०२१ मध्ये थांबले आणि त्यांच्या जागी आलेल्या एफ्रिबवरचे प्रयोग मे २०२२ मध्ये सुरू झाले. तुमची फेलोशिप तीन-चार वर्षांची. मशीनचं पुढच्या चार वर्षांचं वेळापत्रक आणि तुमचा करार शेजारी-शेजारी ठेवून बघा. नव्या विद्यार्थ्याला हे आपणहून सांगणारे फार थोडे भेटतात.

म्हणून गटप्रमुखांना विचारायचा पहिला प्रश्न: अजून कोणी न उघडलेला डेटा डिस्कवर आहे का? असेल तर बीम लांबला तरी प्रबंध उभा राहतो. नसेल तर तुमचं सगळं एका तारखेवर टांगलेलं राहील, आणि तुमच्यामागे घरातल्या दोघांचंही.

डेटा किती मिळतो याचा अंदाज घ्या. दोन प्रोटॉन एकदम बाहेर टाकणारं विघटन रशियन शास्त्रज्ञ गोल्दान्स्की यांनी १९६० मध्ये वर्तवलं होतं. लोह-४५ मध्ये (४५ म्हणजे केंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या) ते दिसायला २००२ साल उजाडलं, जर्मनीतल्या जीएसआय आणि फ्रान्समधल्या गॅनिल या दोन प्रयोगशाळांत, आणि दोन्हीकडे घटना मोजक्याच होत्या. २०११ मध्ये निकेल-४८ चा निकाल छापला गेला तो सहा विघटनांवर, त्यांतली चार द्वि-प्रोटॉन. इतक्या कमी घटनांवर अर्धायुष्य (निम्मी केंद्रं विघटित व्हायला लागणारा काळ) काढताना नेहमीचा घातांकी वक्र बसवून चालत नाही. वेळेचा लॉगरिदम घेऊन वितरण मांडावं लागतं, त्रुटी वर आणि खाली वेगवेगळ्या द्याव्या लागतात. श्मिट यांची १९८४ ची पद्धत याचसाठी आहे. निघण्याआधी ती हाताने करून बघा.

खरा शत्रू घटनांची कमतरता नसून चुकीची जोडणी हा आहे. आलेलं केंद्र सिलिकॉन डिटेक्टरच्या एका पिक्सेलमध्ये रुततं, काही वेळाने तिथेच विघटन होतं, आणि आपण दोन्ही नोंदी जोडतो. १६ बाय १६ पट्ट्यांच्या डिटेक्टरमध्ये २५६ पिक्सेल. सेकंदाला १०० केंद्रं येत असतील तर एका पिक्सेलमध्ये सेकंदाला सुमारे ०.४. द्वि-प्रोटॉन विघटनाचं अर्धायुष्य काही मिलिसेकंद असेल तर विघटनाची वाट बघायला २० मिलिसेकंदांची खिडकी पुरते, आणि तेवढ्यात दुसरं केंद्र त्याच पिक्सेलवर येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. तोच दर ठेवून कथील-१०० घ्या, अर्धायुष्य सेकंदाच्या थोडं वर. पाच अर्धायुष्यांची खिडकी उघडली की सरासरी दोन अनोळखी केंद्रं तिथे येऊन गेलेली असतात. अशा वेळी दर कमी करायचा, पट्ट्या बारीक करायच्या, किंवा बीम साफ करायचा.

बीम साफ करणं प्रोटॉनच्या बाजूला जास्त अवघड असतं. या केंद्रांचं वस्तुमान-विद्युतभार गुणोत्तर लहान, म्हणून चुंबकीय रिजिडिटी कमी, म्हणजे चुंबक त्यांना सहज वळवतो. स्थिरतेच्या जवळची केंद्रं कितीतरी पटींनी जास्त तयार होतात, आणि त्यांच्या कमी संवेगाच्या शेपट्या नेमक्या तुमच्या सेटिंगवर येऊन पडतात. रिजिडिटी तीच असल्याने चुंबक त्यांना हटवू शकत नाही. वेग मात्र वेगळा असतो, म्हणून ती वेगळ्या क्षणी पोचतात, आणि त्या फरकावर आरएफ डिफ्लेक्टर (वेगाने बदलणाऱ्या विद्युतक्षेत्राने कण वळवणारं उपकरण) त्यांना बाजूला फेकतो. बीममध्ये काय-काय येईल याचं आधी गणित करणाऱ्या लीझ प्लस प्लस या प्रोग्रॅममध्ये शेपटीचा अंदाज निवडलेल्या पॅरामीटरवर अवलंबून असतो. त्यावर एकट्यावर विसंबून शिफ्ट मागू नका. आधीच्या प्रयोगात शेजारच्या केंद्राचा प्रत्यक्ष दर किती होता, तो आकडा मागा. जो गट हा आकडा लगेच देतो, तो आपलं काम नीट ओळखतो.

आता सिलिकॉन. बीटा-विलंबित प्रोटॉन, म्हणजे बीटा विघटनानंतर बाहेर पडणारे, मोजताना प्रोटॉनबरोबर बीटा कणही थोडी ऊर्जा सोडतो, मायक्रॉनमागे साधारण ०.४ केईव्ही (ऊर्जेचं एकक, हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट; हजार केईव्हींचा एक एमईव्ही). एक मिलिमीटर जाडीच्या डिटेक्टरमध्ये केंद्र मधोमध रुतलं तर बीटा सहज २०० केईव्ही मिसळतो. शिखर उजवीकडे सरकतं आणि त्याला शेपूट फुटते. काही दहा मायक्रॉन जाडीचा डिटेक्टर घेतला तर हे कमी होतं, आणि एक एमईव्हीचा प्रोटॉन १६ मायक्रॉनच्या आसपास थांबत असल्याने बहुतेक वेळा आतच राहतो. पण इतक्या पातळ पत्र्यात केंद्र थांबवणंच कठीण. ॲल्युमिनियमच्या डिग्रेडरचा (बीमचा वेग कमी करणाऱ्या पत्र्याचा) कोन अंशाने चुकला तरी केंद्र पुढच्या डिटेक्टरमध्ये जाऊन बसतं. म्हणून बीम आल्यावरचे पहिले तास डिग्रेडरवर घालवा, ते वाया जात नाहीत.

कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे डिटेक्टरला ऊर्जेची मोजपट्टी लावताना, नवखे सगळ्यात जास्त फसतात. बाहेरून अल्फा-सोर्स (ठाऊक ऊर्जेचे अल्फा कण सोडणारा किरणोत्सारी नमुना) दाखवला की अल्फाला डिटेक्टरचा मृत थर, म्हणजे ऊर्जा न नोंदवणारा वरचा थर, ओलांडावा लागतो. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात ५.५ एमईव्हीचा अल्फा सुमारे ७० केईव्ही गमावतो. तुमचा प्रोटॉन मात्र डिटेक्टरच्या आतच जन्मतो. त्याला थर लागत नाही, उलट मागे ढकललेल्या केंद्राची थोडी ऊर्जा त्यात मिळते. ही दुरुस्ती केली नाही तर ऊर्जा काही दहा केईव्हीने चुकते. द्वि-प्रोटॉन विघटनाचं अर्धायुष्य ऊर्जेवर इतकं तीव्रपणे अवलंबून असतं की तेवढ्या चुकीने सिद्धांताशी तुलनाच निरर्थक होते. उपाय हा की मॅग्नेशियम-२१, सिलिकॉन-२५ किंवा आर्गॉन-३३ यांसारखं, प्रोटॉनच्या ऊर्जा ठाऊक असलेलं केंद्र त्याच डिटेक्टरमध्ये रुतवून मोजायचं. त्यासाठी वेगळी शिफ्ट प्रस्तावातच मागा, नंतर कोणी देत नाही.

रुतताना केंद्र शेकडो एमईव्ही सोडतं आणि काही मिलिसेकंदांनी एक एमईव्हीचा संकेत येतो. प्रीॲम्प (संकेत मोठा करणारं पहिलं सर्किट) तोवर सावरला नसेल तर विघटन हरवलं. संकेत किती पट वाढवायचा (गेन) ते वेगळं असलेल्या दोन साखळ्या लागतात. थुलियम-१४५ सारख्या सुमारे तीन मायक्रोसेकंदांच्या उत्सर्जकासाठी तर पूर्ण तरंगाकृती साठवून एकावर एक चढलेले संकेत सोडवावे लागतात. रोजच्या कामातल्या दोन गोष्टीही लक्षात ठेवा. निर्वात पूर्ण झाल्याशिवाय डिटेक्टर थंड करायचा नाही, नाहीतर दव बसतं. आणि बायस (डिटेक्टरवरचा विद्युतदाब) चालू असताना आयन-गेज (निर्वात मोजणारं उपकरण) बंद ठेवायचा. त्याच्या प्रकाशाने आणि आयनांनी गळती-प्रवाह वाढतो, आणि कारण शोधण्यात पूर्ण रात्र जाते.

बीटाचा त्रास टाळायचा तर वायूचा डिटेक्टर. टाइम प्रोजेक्शन चेंबरमध्ये, म्हणजे कणांचे मार्ग टिपणाऱ्या वायूच्या पेटीत, बीटाची खूण जवळजवळ दिसत नाही, प्रोटॉनची ठळक दिसते, दोन प्रोटॉनमधला कोनही कळतो. लोह-४५ च्या दोन प्रोटॉनचे मार्ग वॉर्साच्या गटाने कॅमेऱ्याने टिपले ते अशाच चेंबरमध्ये. पण गेन दाब-तापमानाबरोबर सरकतो, ऑक्सिजनचा अंश शिरला की इलेक्ट्रॉन वाटेतच गिळले जातात. अभिक्रियांकडे जाणार असाल तर थोडक्यात: पॉलिथिलिनच्या जाड टार्गेटवर प्रोटॉनचं विखुरणं (स्कॅटरिंग) मोजणं सोपं वाटतं, पण कार्बनचा वाटा शुद्ध कार्बन टार्गेटवर वेगळा मोजूनच वजा करायचा. एक्स-किरण स्फोटांमधल्या झटपट प्रोटॉन-ग्रहणासाठी सेलेनियम-६८ आणि क्रिप्टॉन-७२ या, जिथे ही साखळी अडखळते त्या, थांब्यांभोवतीची वस्तुमानं अजूनही महत्त्वाची आहेत. तो विषय मिळाला तर घ्या.

कागदपत्रांचा राग मी लपवणार नाही. तुम्ही एका देशात राहणार, बीम दुसऱ्या देशात, कधी तुमचा निवास-परवाना चालत नाही अशा. वेळापत्रक पक्कं होतं ते बीमच्या थोडं आधी, आणि आपल्या पासपोर्टला व्हिसा लागायला त्याहून जास्त वेळ. सोबतचे सहकारी व्हिसाशिवाय निघतात आणि तुमचा पासपोर्ट दूतावासात पडून राहतो, तुम्ही जोडलेला डिटेक्टर दुसरं कोणीतरी चालवतं. हा अन्याय आहे असं मला वाटतं आणि तो कोणाच्या लेखी मोठा नाही. उपाय अर्धाच आहे: तारीख पक्की होण्याची वाट न बघता तात्पुरत्या कालखंडाचं निमंत्रणपत्र मागा, आणि शक्य तिथे अनेक प्रवेशांचा व्हिसा घ्या. आधीच्या प्रयोगशाळेत तुमचा विकिरण-डोस नोंदवला गेला असेल तर तो अहवाल सही-शिक्क्यासह आताच घ्या. मागून पत्रव्यवहार करून मिळवताना महिने जातात. जर्मनीत बाहेरच्या संस्थेतून कामाला येणाऱ्यांना श्ट्रालेनपास (विकिरण-डोसची नोंदवही) लागू शकतो, तेव्हा हीच कागदं पुढे येतात. नेहमीच्या तिहेरी अल्फा-सोर्समधलं प्लुटोनियम-२३९ हे अणुसामग्री म्हणून मोजलं जातं, त्यामुळे तो सोर्स सीमेपलीकडे नेण्याचा विचारही करू नका. तिथे कोणता सोर्स आहे ते विचारा. गॅडोलिनियम-१४८ असेल तर उत्तम, त्याचा ३.१८ एमईव्हीचा अल्फा प्रोटॉनच्या ऊर्जांच्या जास्त जवळ आहे.

आता मुलीची शाळा. या क्षेत्रात पीएच.डी. एका देशात, पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या, त्यानंतरची तिसऱ्या, हा सरधोपट मार्ग. डार्मश्टाट (जर्मनी), काँ (फ्रान्स), युवास्किला (फिनलंड), वाको (जपान): प्रत्येक ठिकाणी शाळेची भाषा वेगळी. मुलं भाषा पटकन शिकतात असं सगळे सांगतात, ते खरंही आहे. पण शिकेपर्यंतच्या काळात वाक्य कळत नाही म्हणून गणितही येत नाही असं ठरवलं जातं, मूल वेगळ्या गटात बसवलं जातं, आणि तो शेरा भाषा आल्यावरही पुसला जात नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मुलगी त्या वयाच्या आगेमागे असेल तर हा मुद्दा मशीनच्या वेळापत्रकाइतकाच वजनाचा धरा. शाळेला आधीच्या वर्षांचे गणिताचे पेपर भाषांतरासह द्या, चाचणी तिच्या भाषेत किंवा फक्त आकड्यांत घ्या असं लेखी मागा, आणि नकार आला तर तोही लेखी घ्या. याबद्दलची माझी चीड अजून शमलेली नाही. प्रयोगातल्या प्रत्येक आकड्याला आपण त्रुटीची मर्यादा लावतो, आणि लेकराच्या बाबतीत मात्र कोणाचा तरी एका बैठकीतला अंदाज मुकाट्याने मान्य करतो.

एकटेपणाचंही विचारलं होतंत. तो येतो, कामात विरतो. त्यावर इतकंच.

जोडीदाराशी मात्र रात्रपाळीबद्दल आधी बोला. बीमच्या आठवड्यात मध्यरात्र ते सकाळी आठ ही शिफ्ट नव्या विद्यार्थ्याकडेच येते, आणि बीम बिघडला तर तो आठवडा लांबतो. त्या दिवसांत मुलीला शाळेत कोण सोडणार हे ठरलेलं हवं.

माझा कौल छोट्या गटाकडे आहे, पण दोन अटींवर: डिटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यांचं स्वतःचं असावं, आणि न उघडलेला किमान एक डेटा-संच असावा. मोठ्या ठिकाणी मशीन जवळ असतं, पण कित्येकदा विद्यार्थ्याच्या हाती फक्त विश्लेषण येतं, आणि हाताने डिटेक्टर न जोडलेल्या माणसाला पुढे जागा मिळवणं जड जातं. दोन्हीकडे आज एकच मेल पाठवा. उघडायचा राहिलेला डेटा कोणता, मंजूर झालेल्या शिफ्ट किती आणि त्यांची मुदत कधी संपते, गटातल्या मागच्या तीन विद्यार्थ्यांना पदवीला किती वर्षं लागली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गटप्रमुखांकडून न घेता त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्या, आणि त्यांच्यात मुलं घेऊन आलेलं कोणी असेल तर शाळेचंही त्यांनाच विचारा.