वाचकांचे प्रश्न : नाटककार ब्रेख्तच्या कथा

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होते. त्याची तालीम सुरू होण्याआधी, पावसाळ्यात, आमचा गट जुन्या संहिता मोठ्याने वाचतो. यंदा आम्ही चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ वाचले. मूळ जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांनी हीच गोष्ट आधी कथा म्हणून लिहिली होती, असे एका सदस्याने सांगितले. ते खरे आहे काय? आणि त्यांच्या कथांपैकी कोणत्या अभिवाचनासाठी घ्याव्यात?
— एक नाट्यप्रेमी वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या सदस्याने सांगितले ते अगदी खरे आहे. खानोलकरांच्या नाटकाचे मूळ असलेले ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ हे नाटक ब्रेख्त यांनी 1944 साली अमेरिकेत विजनवासात असताना लिहिले. पण त्याआधी चार वर्षे, 1940 मध्ये, त्यांनी ‘आउग्सबुर्गचे खडूचे वर्तुळ’ ही कथा लिहिलेली होती. आउग्सबुर्ग हे त्यांचे जन्मगाव. कथेत दूरचा कॉकेशस नाही, गाणी नाहीत, राज्यपालाचा वाडाही नाही. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या धर्मयुद्धात कॅथलिक सैन्य शहरात शिरते, प्रोटेस्टंट चर्मोद्योजक मारला जातो, त्याची पत्नी कपड्यांची बांधाबांध करण्यात वेळ घालवते आणि पळताना तान्हे मूल मागेच राहते. मोलकरीण आना ते उचलते आणि पुढची काही वर्षे आपल्या अब्रूची किंमत मोजून वाढवते. मुलाच्या नावाने कारखान्याचा वारसा मिळणार, असे दिसू लागते तेव्हा जन्मदात्री हक्क सांगायला येते.

मूल कोणाचे हे ठरवायला न्यायाधीश ते खडूच्या वर्तुळात उभे करतो आणि दोघींना ओढायला सांगतो. दोन स्त्रियांनी एक मूल ओढण्याची ही कसोटी आपल्याला परकी नाही. महाउम्मग्ग जातक या बौद्ध कथेत जमिनीवर रेघ ओढून हाच न्याय केलेला आहे, आणि चिनी नाटकातही खडूचे वर्तुळ आहे. त्या दोन्ही ठिकाणी हात सोडणारी स्त्री ही जन्मदात्रीच असते. ब्रेख्त यांनी हे नाते उलटे केले : हात सोडते ती मोलकरीण, आणि मूल तिलाच मिळते. नाटकात हा विचार शेवटी गायक उघड बोलून दाखवतो. कथेत मात्र न्यायाधीश निकाल देताना डोळे मिचकावत होता, असे आसपासचे शेतकरी पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले, एवढेच लिहिलेले आहे. माझ्या मते कथेचा शेवट नाटकाच्या शेवटापेक्षा अधिक धीट आहे, कारण लेखक तिथे आपल्याला काहीच समजावून देत नाही.

ही कथा 1949 साली निघालेल्या ‘कॅलेंडर-कथा’ या संग्रहात आहे. जर्मन शेतकऱ्यांच्या घरी पूर्वी जे वार्षिक पंचांग येत असे, त्यात तिथी-वारांबरोबर छोट्या गोष्टीही छापलेल्या असत, आणि हे नाव त्यावरून पडले. ‘कालनिर्णय’चे पान उलटून मागचा मजकूर वाचण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको. संग्रहात आठ कथा, आठ कविता आणि ‘हेर कॉयनर’ नावाच्या एका विचारी गृहस्थाचे लहान लहान किस्से आहेत.

आता अभिवाचनाविषयी. आपल्या गटाने पहिली निवड ‘पाखंड्याचा अंगरखा’ या कथेची करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रूनो याला 1592 साली व्हेनिसमध्ये पकडून धर्मन्यायालयापुढे उभे केले जाते. अटकेच्या थोडे आधी त्याने एका शिंप्याकडून अंगरखा शिवून घेतलेला असतो आणि त्याचे बत्तीस स्कुदी (त्या काळची इटालियन नाणी) द्यायचे राहिलेले असतात. शिंप्याची म्हातारी बायको पैशांसाठी तुरुंगापर्यंत येते. आपण प्रथम तिच्यावर चिडतो, कारण समोर एका थोर माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे आणि ही बाई शिलाईचा हिशोब मांडते आहे. पण ब्रूनो चिडत नाही. बत्तीस स्कुदी ही तिच्या घरची किती मोठी रक्कम आहे हे त्याला कळते, आणि स्वतःच्या बचावाइतकीच चिकाटी तो हे देणे फेडण्यासाठी दाखवतो. पैसे मिळत नाहीत तेव्हा, रोमच्या ताब्यात दिले जाण्यापूर्वी, तो अंगरखाच तिला परत पाठवण्याची व्यवस्था करतो. 1600 साली रोममध्ये त्याला जिवंत जाळले, हे कथेच्या पहिल्याच वाक्यात सांगितलेले असल्यामुळे वाचणाऱ्याचे सगळे लक्ष त्या अंगरख्यावर राहते.

गोव्याच्या श्रोत्यांसमोर ही कथा वाचताना ‘इन्क्विझिशन’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, ते न्यायालय आपल्याच भूमीवर होते, आणि त्याच्या भीतीने देव नदीपार नेल्याच्या आठवणी फोंड्याच्या देवळांतून आजही सांगितल्या जातात. म्हणूनच इथल्या श्रोत्यांना त्या म्हाताऱ्या बाईची गोष्टही कळेल, असा माझा विश्वास आहे : मोठा इतिहास घडत असतानाही घरात पीठ-मीठ लागतेच.

दुसरी कथा ‘अशोभनीय वृद्धा’ ही घ्यावी. बहात्तराव्या वर्षी विधवा झालेली आजी मुलांकडे राहायला जात नाही; ती सिनेमाला जाते, खानावळीत जेवते, चांभाराच्या दुकानात बसून गप्पा मारते. दोन वर्षांनी ती मरण पावते, आणि नातू तिच्या दीर्घ दास्याचा व अल्प स्वातंत्र्याचा हिशोब शांतपणे मांडतो. कथा छोटी आहे, आणि एकाच स्त्री-आवाजात उत्तम होईल.

‘जखमी सॉक्रेटिस’ वाचायला रंजक आहे, परंतु संवाद बरेच असल्यामुळे तिला चार-पाच वाचक लागतील.

एक सूचना मात्र जरूर पाळावी. ‘पाखंड्याचा अंगरखा’मध्ये म्हातारीचे वाचन ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ‘बत्तीस स्कुदी’ हे शब्द प्रत्येक वेळी एकाच सुरात म्हणावेत; रडू नये, आवाज चढवू नये. बाजारात दुधाचे पैसे मागावेत, तसे मागावेत.