मागून ढकलणाऱ्या वाफेच्या इंजिनाला (पुशरला) पुढच्या इंजिनाच्या ड्रायव्हरने ब्रेक लावलाय हे कसं कळायचं?

गेजवरून. ब्रेक पाइपचा, म्हणजे गाडीभर जाणाऱ्या हवेच्या नळीचा, काटा उतरू लागला की पुशरच्या ड्रायव्हरने रेग्युलेटर (वाफ सोडणारा दांडा) बंद करायचा, शिट्टीची वाट बघायची नाही. आपल्याकडे कर्जतला मागे लागतो तो बँकर; पण वाफेच्या काळात आपल्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकच्या, म्हणून अमेरिकेतल्या एअर ब्रेकचं सांगतो.

वेस्टिंगहाउसच्या पद्धतीत पाइप भरलेला असेल तर ब्रेक मोकळे. मालगाडीला चौरस इंचाला साधारण 70 पौंड दाब ठेवत. त्यातले 10 पौंड सोडले की प्रत्येक वॅगनखालचा ट्रिपल व्हॉल्व्ह (ब्रेक लावणारी-सोडणारी झडप) सरकतो आणि वॅगनच्याच टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये जाते. पाइपातला दाब वाढला की ब्रेक सुटतात.

गोम इथेच आहे. पुशरलाही स्वतःचा पंप आणि फीड व्हॉल्व्ह असतो, आणि फीड व्हॉल्व्हचं कामच पाइपात 70 पौंड टिकवण्याचं. पुढचा हवा सोडतोय आणि हा मागून भरतोय! मग पुढच्या वॅगन धरलेल्या, मागच्या मोकळ्या, आणि सगळं वजन पुढे आदळणार. म्हणून होज पाइप (गाडी आणि इंजिनातली हवेची जोडनळी) जोडला की पुशरच्या ब्रेक व्हॉल्व्हखालचा डबल-हेडिंग कॉक, म्हणजे त्या व्हॉल्व्हला पाइपापासून तोडणारी तोटी, बंद करायचा. त्याने भरणं तेवढं थांबतं. गेज चालू राहतो आणि पुढच्याने लावलेले ब्रेक पुशरलाही लागतात. पंप मात्र चालूच ठेवायचा.

मग चाचणी. पुढच्याने हवा सोडायची, पुशरचा काटा उतरला पाहिजे आणि ब्रेक सोडल्यावर परत चढला पाहिजे. हलला नाही तर मध्ये कुठलातरी अँगल कॉक (वॅगनच्या टोकाची पाइपाची तोटी) बंद राहिलाय. तशीच गाडी काढली आणि पुढे इमर्जन्सी (एकदम पूर्ण ब्रेक) लागली, तर मागचा पूर्ण जोराने ढकलतच राहतो; रिकामी वॅगन नाहीतर लाकडी कॅबूस (शेवटचा गार्डचा डबा) मध्ये चिरडते. कित्येक ठिकाणी पुशर कॅबूसच्या पुढे लावत तो याचसाठी.

लांब गाडीत साधा ब्रेक शेवटपर्यंत पोचायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ पुशर ढकलतच असतो, म्हणून पुढच्यानेही हवा थोडी थोडी सोडायची.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाहून हॉर्सशू कर्व्हचा चढ चढून माथ्यावरच्या गॅलिट्झिनला पोचलं की पुशरचं काम संपे. अशा माथ्यावर सोडताना आधी गाडीकडचा अँगल कॉक बंद, मग इंजिनाकडचा, मग कपलिंग. गाडीकडचा उघडा राहिला तर होज सुटताच हवा जाऊन अख्खी गाडी इमर्जन्सीत थांबते. आणि एकट्याने खाली उतरण्याआधी पुशरने आपला डबल-हेडिंग कॉक परत उघडायचा.