सत्तावीस आले, सत्तावीस परतले

प्रश्न : अमेरिकेतल्या नातवाने १९५६च्या एका बेसबॉल सामन्याच्या स्कोअरशीटचा फोटो पाठवला आहे. तो म्हणतो, पिचर डॉन लार्सनची ही कामगिरी इंग्लंडचा गोलंदाज जिम लेकर याच्या १९ बळींहून मोठी. मला ते पटत नाही. आणि चौकटींतले ५-६-३ असे आकडे कसले? धावा तर नाहीत! – एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, आकड्यांपासूनच सुरुवात करतो. चाळीस पावसाळे कांगा क्रिकेट लीगच्या तंबूत स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसलो आहे, त्यामुळे माझा जीव तिथेच अडकतो.

बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला जागेप्रमाणे क्रमांक असतो. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागचा) २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६ आणि मागचे तिघे डावीकडून ७, ८, ९. फलंदाज बाद होताना चेंडू ज्या ज्या हातांना लागला, ते क्रमाने लिहायचे.

आता तुमच्या फोटोत दुसऱ्या इनिंगचा पहिला फलंदाज बघा, जॅकी रॉबिन्सन. त्याचा सणसणीत फटका तिसऱ्या बेसवरच्या अँडी कॅरीच्या हाताला लागून उडाला, तो शॉर्टस्टॉप गिल मॅकडूगल्डकडे गेला आणि त्याने पहिल्या बेसवर फेकला. चेंडू रॉबिन्सनच्या आधी पोचला, म्हणून तो जेमतेम बाद. म्हणून ५-६-३. कॅरीला चेंडू पकडता आला नाही, तरी त्याचा ५ नोंदला गेला.

क्रॉस मैदानावर एकदा पहिल्या स्लिपच्या पोराच्या हातातून चेंडू उडाला आणि गलीतल्याने झेलला. चहापानाला ते पोरगं बोटाला बर्फ लावून माझ्याकडे आलं, “काका, माझं नाव आलं का?” आपल्या पद्धतीत झेल घेणाऱ्याचं आणि गोलंदाजाचं नाव येतं, त्याचं नाही. मी समासात पेन्सिलीने लिहिलं. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

आता लेकर. त्याने जुलै १९५६मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाचे ९० धावांत १९ बळी घेतले, ९/३७ आणि १०/५३. लार्सनची गोष्ट त्याच वर्षीची, ८ ऑक्टोबरची. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिथल्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, लार्सनचा यांकी संघ विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद, म्हणजे २७ फलंदाज. त्यातला एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. बेस मिळवून देणारा फटका नाही, चुकीचे चार चेंडू टाकून दिलेली फुकटची चाल नाही, क्षेत्ररक्षकाची चूक नाही. एकूण ९७ चेंडू, म्हणजे आपली सोळा षटकं आणि वर एक चेंडू. फक्त पी वी रीसला तीन ‘बॉल’, म्हणजे चुकीचे चेंडू पडले. आणि हाच लार्सन तीन दिवसांपूर्वी दुसऱ्या सामन्यात दुसरी इनिंगही पुरी करू शकला नव्हता! सहा धावांची आघाडी असताना यांकी तो सामना १३-८ हरले होते.

पण लार्सनचे स्ट्राइकआउट, म्हणजे तीन योग्य चेंडू (स्ट्राइक) वाया घालवून बाद झालेले फलंदाज, किती? सात. उरलेले वीस जण क्षेत्ररक्षकांनी बाद केले. पाचव्या इनिंगमध्ये गिल हॉजेसचा लांब फटका मिकी मँटलने डाव्या-मधल्या मैदानात धावत जाऊन उलट्या हाताने झेलला. चौकटीत नुसता ८ दिसेल. त्याच मँटलने आधीच्या इनिंगमध्ये होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका मारला होता. सामना २-० असा संपला. शेवटचा फलंदाज डेल मिचेल, अंपायर बेब पिनेली यांनी तिसरा स्ट्राइक दिला आणि कॅचर योगी बेराने धावत येऊन लार्सनच्या अंगावर उडीच घेतली.

तेव्हा एका माणसाचं कसब विचाराल, तर मी तुमच्याच बाजूचा. १९ बळींना तोड नाही. पण नातवाला सांगा, त्याने पाठवलेला कागद मी भिंग लावून दोनदा वाचला. सत्तावीस चौकटी आहेत त्यात, आणि कोणाचाही हात गाळलेला नाही. माझ्या वहीतल्या समासात जे पेन्सिलीने राहिलं, ते तिथे शाईत आहे.