सकाळी उठल्यावर टाच दुखते, कधी घोटाही दुखतो, काय करावं?

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं आणि दहा-पंधरा पावलं चाललं की जरा बरं वाटतं, असं असेल तर बहुतेक प्लांटार फॅसायटिस, म्हणजे तळपायाचा जो जाड पट्टा असतो ना त्याचा त्रास. माझ्या आईला झालेला, दिवसभर ओट्यापाशी अनवाणी उभी, फरशी एकदम कडक. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरली बिचारी, पण तसं हाड अजिबात न दुखणाऱ्यांच्या टाचेतही सापडतं. घरात मऊ चप्पल घाला, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटं फिरवा आणि उठायच्या आधी टॉवेलने पायाची बोटं स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरा, ३ वेळा. तिला ४ महिने लागले, इंजेक्शनची घाई करू नका.

घोटा मुरगळलाय आणि ४ पावलंही टाकता येत नाहीत तर मालिश-बिलिश नको, आधी एक्सरे. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल होऊन चादर लागली तरी ठणकत असेल तर युरिक ॲसिडचा संशय, डॉक्टर गाठा. आणि शुगर असेल तर गरम शेक परस्पर घेऊ नका, बधीर पायाला भाजलेलं कळत नाही.