ब्लूमबर्ग टर्मिनलच्या कमांड पाठ कराव्यात की माउसने काम भागतं?

कॉलेजच्या फायनान्स लॅबमध्ये ब्लूमबर्ग टर्मिनल (बाजारातले भाव, बातम्या आणि कंपन्यांचे आकडे दाखवणारं यंत्र) मिळालंय, पण कमांडची यादी बघून धडकी भरली, असं तुम्ही लिहिलंय. मी काही वर्षं इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअरच्या अभ्यासात, रोज यावर काम केलंय. यादी पाठ करू नका. आधी त्या यंत्राचं वाक्य कसं बनतं ते शिका.

मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, तसंच तिथेही. आधी कशाबद्दल बोलताय ते सांगायचं, मग काय हवंय ते, आणि हिरवी 'गो' की म्हणजे पूर्णविराम. 'टीसीएस', भारतासाठी 'आयएन', मग पिवळी 'इक्विटी' की, मग 'डीईएस' आणि गो. कंपनीची थोडक्यात ओळख समोर येते. आता कंपनीचं नाव परत टाईप करायचं नाही, नुसतं क्रियापद बदलायचं. जीपी म्हणजे भावाचा आलेख, एचपी म्हणजे तारखेवार जुने भाव, एफए म्हणजे ताळेबंद आणि नफा-तोटा, सीएन म्हणजे त्या कंपनीच्या बातम्या. एवढ्या पाचांवर माझे पहिले कितीतरी आठवडे निघाले. काही कमांडना कंपनी लागतच नाही: टॉप (ठळक बातम्या), डब्ल्यूईआय (जगभरचे शेअर निर्देशांक), ईसीओ (आर्थिक आकडेवारी कधी येणार त्याचं वेळापत्रक).

नवीन लोक चुकतात ते पिवळ्या कीपाशी. ती की बाजार ठरवते. कंपनी एकच असली तरी तिचा शेअर 'इक्विटी'खाली आणि तिचे बाँड 'कॉर्प'खाली. निफ्टीला 'इंडेक्स', डॉलर-रुपयाला 'करन्सी'. ब्लूमबर्गचा रंगीत कींचा कीबोर्ड नसेल तर साध्या कीबोर्डवर इक्विटीसाठी एफ८, इंडेक्ससाठी एफ१०, करन्सीसाठी एफ११.

टिकरचंही, म्हणजे शेअरच्या छोट्या चिन्हाचंही, तसंच. एनएसईवर इन्फोसिसचं चिन्ह 'आयएनएफवाय' आहे, पण टर्मिनलवर भारतातला शेअर 'आयएनएफओ आयएन' असा मिळतो. 'आयएनएफवाय यूएस' टाकलंत तर न्यूयॉर्कला सूचीबद्ध असलेला एडीआर (परदेशी कंपनीच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत विकला जाणारा दाखला) उघडतो, डॉलरमधल्या भावाचा. सुरुवातीला मी एका तक्त्यात हेच केलं होतं. बाकी सगळ्या कंपन्या रुपयांत आणि ही एकटी डॉलरमध्ये. सीनियरने आकडा बघितल्याबरोबर पकडलं, पण अर्धा दिवस सगळे भाव पुन्हा तपासण्यात गेला. तेव्हापासून पडद्यावर कुठलंही चलन दिसलं की आधी तेच वाचतो.

माउस वाईट नाही. नवीन विभाग हिंडून बघायचा असेल तर मेनूच बरा, मीही तसंच करतो. पण निकालाच्या दिवशी चार कंपन्यांचे आकडे एकामागून एक येत असतात, तेव्हा हात कीबोर्डवरून उचलायला वेळ नसतो. शिवाय टाईप केलेली कमांड वहीत लिहून ठेवता येते, मित्राला फोनवर सांगता येते. 'वर डावीकडे क्लिक कर, मग तिसरा टॅब' हे सांगणं किती कठीण जातं बघा.

आणि अडलात तर 'हेल्प' की. एकदा दाबलीत की समोरच्या पानाची माहिती मिळते. लागोपाठ दोनदा दाबलीत की चॅट उघडतं आणि पलीकडे खरा माणूस उत्तर देतो. लॅबमधली मुलं संकोचाने ही की दाबत नाहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी दाबा, अगदी साधा प्रश्न असला तरी.