सोलापुरात प्राणिशास्त्रात बीएस्सी करतोय. संगणकावर उत्क्रांतीचा अभ्यास करणारा संशोधक होता येईल का?

हो, नक्की होता येईल. मीही सोलापूरचाच. सुरुवातीला प्रयोगशाळा लागत नाही. जेनबँक या ऑनलाइन साठ्यातले डीएनए क्रम फुकट मिळतात, वंशवृक्ष काढणारं मेगा हे सॉफ्टवेअरही फुकट आहे.

आजच करून बघा. आपल्या नान्नजच्या अभयारण्याचा माळढोक, शिवाय मोर, कोंबडी आणि कबुतर यांचं सायटोक्रोम-बी जनुक उतरवून घ्या, ओळीखाली ओळ जुळवा, वंशवृक्ष काढा. मोर आणि कोंबडी शेजारी येतील. मग फांदीजवळचा आकडा बघा. तो बूटस्ट्रॅपचा, म्हणजे ती फांदी किती भरवशाची हे तपासायच्या पद्धतीचा. जुळवलेल्या क्रमांतले रकाने चिठ्ठ्या काढल्यासारखे पुन्हा पुन्हा उचलून झाड नव्याने काढायचं. १०० पैकी ९५ वेळा तीच फांदी आली तर आकडा ९५. जोसेफ फेल्सेन्स्टाइन या शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८५ मध्ये वंशवृक्षांसाठी मांडली. म्हणूनच सांगतो, जीवशास्त्र घेतलं म्हणून संख्याशास्त्र सोडू नका. सोबत पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा शिका.

एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, पीएचडीसाठी नेट किंवा गेट. पुण्याचं आयसर आणि हैदराबादचं सीसीएमबी या संशोधन संस्था, दोन्ही रेल्वेने जवळ. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, त्यापुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन. फेलोशिप मिळते, पण कायमची नोकरी उशिरा लागते. घरी हे आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या.