खंड पडल्यानंतरचा दिवस

‘सुरुवात मी जोमाने करते, पण थोड्याच दिवसांत सारे बारगळते. माझ्यात चिकाटीच नाही का?’ व्यायामाबाबत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. चाळिशीतल्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा त्यांनी व्यायामाची नोंदवही सोबत आणली होती. ती चाळताना दिसले, की जिथे एका दिवसाची चौकट रिकामी राहिली होती, तिथून महिनाअखेरपर्यंतचे सारे पान कोरे होते आणि पुढच्या एक तारखेला आधीपेक्षाही कडक संकल्प लिहिलेला होता.

ज्याच्यात चिकाटी नाही, तो पुन्हा पुन्हा वही उघडत नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. त्यांचा व्यायाम सुटत होता तो आळसामुळे नव्हे, तर एक दिवस चुकला की आधीचे सगळे वाया गेले, या समजुतीमुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा आढळला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. हे ऐकून बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी उगीचच स्वतःला शिक्षा करत होते.’

संकल्प सौम्य करण्यापेक्षा खंडाची तयारी आधीच करून ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणून त्यांनी वहीत स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहिले: ‘व्यायाम चुकला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताच, बसण्याआधी, दहा मिनिटे चालायचे.’ ‘असे झाले, तर तसे करायचे’ अशी आधीच बांधलेली खूणगाठ अधिक पाळली जाते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून दिसले आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे आठवड्याची आहेत, त्यामुळे एका दिवसाची तूट पुढे भरून काढता येते.

पुढे आजारपणाने त्यांचा मोठा खंड पडला, तरी बऱ्या झाल्यावर त्यांनी एक तारखेची वाट पाहिली नाही. रोज वजन पाहून खट्टू होणे मात्र अजून थांबलेले नाही. शरीरातल्या पाण्यामुळेही तो आकडा दिवसागणिक खालीवर होतो, हे त्यांना पटते, पण मन मानत नाही. सध्या आमचे बोलणे त्यावरच चालू आहे.